राउटरविना पडदा : फोन आणि टीव्ही यांच्या थेट नात्याचा इतिहास

घरी ब्रॉडबँड नसेल तर फोनचे चित्र टीव्हीवर येणार नाही, हा समज आज रूढ आहे. इतिहास याच्या उलट आहे. २००७ साली बाजारात आलेल्या नोकिया एन९५ या फोनचा पडदा साध्या केबलने टीव्हीवर उमटत असे. इंटरनेटचा संबंधच नव्हता.

ही केबल अनावश्यक ठरली ती वाय-फाय डायरेक्टमुळे. वाय-फाय अलायन्स या संघटनेने ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे प्रमाणीकरण सुरू केले. यात जोडीतील एक उपकरण स्वतःच राउटरचे काम करते. याच पायावर सप्टेंबर २०१२ मध्ये मिराकास्ट उभे राहिले : फोन आपले चित्र आकुंचित करून धाडतो, टीव्ही ते उलगडतो. वाय-फाय म्हणजे केवळ रेडिओलहरी. त्यांच्यामागे इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. यूट्यूब पाहायचे तर मोबाइल डेटा लागतो, फोनमध्ये साठवलेल्या छायाचित्रांना तोही नाही.

मग गैरसमज रुजला कसा? जुलै २०१३ मध्ये गुगलने ३५ डॉलरचे क्रोमकास्ट आणले. त्यात फोन बहुधा फक्त पत्ता सांगतो; चित्रफीत ते उपकरण स्वतः इंटरनेटवरून आणते. पुढे गुगलने स्वतःच्या फोनांतून मिराकास्ट वगळलेही. ‘कास्ट’ हा एकच शब्द दोन्हींना चिकटला आणि भेद पुसला गेला.

जुनी वाट मात्र बुजलेली नाही. सॅमसंगच्या अनेक फोनांत ती ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावाने आजही सापडते.