दापोडीच्या बागेतली फुलचित्रे

दापोडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॅरिस पूल येतो, एसटीची कार्यशाळा येते, पिंपरीकडे निघालेली वाहनांची रांग येते. पवना जिथे मुळेला मिळते त्या या गावाचे नाव जगातल्या वनस्पतिचित्रांच्या अभ्यासकांना मात्र वेगळ्याच कारणाने माहीत आहे. 1847 ते 1850 या काळात इथल्या सरकारी बागेत फुलझाडांची सुमारे 170 जलरंगचित्रे काढली गेली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण कारखान्यांपासून मोजतो. माझ्या मते तो मोजताना या चित्रांपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्यांची वंशावळ लांबची आहे. फुले आपल्या चित्रकलेत फार आधीपासून आहेत; अजिंठ्याच्या छतांवर कमळे आहेत. पण तिथे फूल शोभेला किंवा पूजेला येते. एकच झाड, त्याचे पान, कळी, देठ असे निरखून कागदावर उतरवण्याची आवड आपल्याला ठळकपणे दिसते ती जहांगीरच्या दरबारात. 1620 मध्ये बादशहा काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले रंगवली, असे जहांगीरनेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच सुमारास हॉलंडमध्ये अँब्रोसियस बॉस्कार्टसारखे चित्रकार फुलदाणीतली फुले रंगवत होते. वेगवेगळ्या ऋतूंतली फुले सुट्या अभ्यासचित्रांवरून एकाच फुलदाणीत मांडायची, ही त्यांची रीत. युरोपातले फुलांचे स्थिरचित्र तिथून वाढले. आपल्याकडची वाट वेगळी, फुलदाणीशिवायची. 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चे 12 खंड निघाले. मलबारच्या वनस्पतींच्या या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण राबले. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे तंजावरला सरफोजीराजे भोसल्यांनीही वनस्पतींची चित्रे करवून घेतली. म्हणजे दापोडीच्या आधी ही कला मराठी राजाच्या दरबारातही नांदून गेली होती.

आता आपण दापोडीला येऊ. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड इथे राहत असे. 5 नोव्हेंबर 1817 च्या खडकीच्या लढाईत ही पलटण इथूनच निघाली आणि कंपनीच्या बाजूने उभी राहिली. पेशवाई गेली. 1828 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी फोर्डचा बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पतींची बाग उभी केली. 1838 पासून बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. देवी टोचणारा डॉक्टर म्हणून तो आधीच दख्खन फिरलेला होता. जुन्नरकडे हिवरे इथेही त्याची एक बाग होती, तिच्यात सरकारी दवाखान्यांसाठी औषधी झाडे लावली जात. ज्या पट्ट्यात पुढे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथे शंभर वर्षे आधी औषधाचा विचार झाडापासून सुरू झाला होता. 1847 मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि त्याच वर्षी चित्रांचे काम सुरू झाले.

ती चित्रे काढली कोणी? तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढेच कळते. नाव कुठेच नाही. तो सरकारी कलाशाळेत शिकला म्हणावे, तर मुंबईतली जे. जे. कलाशाळा निघायलाच अजून दहा वर्षे होती. हात कुठे बसला असेल ते असो, पण काम किती अवघड होते ते आपण समजून घेऊ. खुडलेली फांदी दख्खनच्या उन्हात तासाभरात मान टाकते. म्हणून पाकळ्यांचा रंग आधी पकडावा लागतो. पाने मागाहून केली तरी चालतात. नुसते देखणे फूल काढूनही भागत नाही. पाने समोरासमोर की आलटूनपालटून, पुंकेसर किती, हे चित्रावरून मोजता आले पाहिजे. भोवतीचा कागद कोरा ठेवायचा, सावलीचा आधार घ्यायचा नाही. अशा कागदावर चूक लपवायला जागाच उरत नाही.

1861 मध्ये गिब्सन आणि निकोल डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाला. दापोडीची बाग त्या दशकातच मोडली. गव्हर्नरांचा मुक्काम दापोडीहून गणेशखिंडीला गेला आणि 1873 मध्ये तिथे नवी वनस्पती बाग झाली. फुलाचे चित्र मात्र मुंबई-पुणे लोहमार्गाच्या कडेने पुढे चालत राहिले. मळवलीला रविवर्मांचा छापखाना आला आणि लक्ष्मीच्या हातातले कमळ घरोघरी भिंतीवर गेले. शाळांतल्या चित्रकलेच्या परीक्षांत निसर्गचित्राच्या पेपरला मुलांपुढे पानाफुलांची फांदी ठेवली जाई. समोरची फांदी पाहून कोऱ्या कागदावर उतरवायची, हा वारसा मी दापोडीचाच मानतो. आज चाकणला गाड्या बनतात, तळेगावच्या हरितगृहांतले गुलाब दर फेब्रुवारीत युरोपला जातात. दापोडीची फुले कागदावर बसून तिकडे केव्हाच पोहोचली होती.

हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये या चित्रांवर इंग्रजीत सुरेख ग्रंथ केला, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. आता पुढचे काम आपले आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने एडिंबरोकडून या चित्रांच्या उत्तम प्रती मागवाव्यात, त्या दापोडीतच कायमच्या मांडाव्यात, आणि प्रत्येक चित्राखाली झाडाचे मराठी नाव व ‘चित्रकार : अज्ञात’ एवढे तरी ठळक लिहावे.