मोटारीची निगा : इंजिन, गिअरबॉक्स आणि हीटर

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी साधारणपणे एक तृतीयांश ऊर्जाच गाडी चालवण्याच्या कामी येते. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातील काही धुराबरोबर निघून जाते, तर काही इंजिनाच्या धातूत शिरते. ही उष्णता वाहून नेण्याचे आणि फिरणाऱ्या भागांची झीज रोखण्याचे काम इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि कूलंट हे तीन द्रव करतात. त्यामुळे मोटारीचे सर्व्हिसिंग म्हणजे मुख्यतः या तीन द्रवांची निगा होय. धुऊनपुसून लखलखीत दिसणारी गाडी आतून निरोगी असेलच असे नाही.

इंजिन ऑइल

आजच्या बहुतेक मोटारींत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा लागतो. गाडी कमी चालते म्हणून वर्षाची मर्यादा ओलांडणे योग्य नाही. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, आत साचलेला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होते. ऑइलची पातळी पाहताना गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणेही अपायकारक असते. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी आणि गाडी पुढे न चालवता मेकॅनिकला दाखवावी.

गिअरबॉक्स

गिअरबॉक्समधील ऑइल जळत नाही, म्हणून ते कायम टिकते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात दातांच्या घर्षणातून सुटलेले धातूचे बारीक कण त्यात साचत जातात. ते किती किलोमीटरनंतर बदलावे हे प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी गिअरबॉक्सना ठरावीक प्रकारचेच ऑइल लागते. चुकीचे ऑइल भरल्यास संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरमधूनच थंड केले जाते, म्हणजे एकाची गळती दुसऱ्याला भोवते.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर गिअरबॉक्सही तपासून घ्यावा. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात अचानक थंड झाला की आतील हवा आकुंचन पावते आणि हवा जाण्याच्या नळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. इंजिन पाण्यातच बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते.

कूलंट आणि हीटर

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. ते पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते. पातळी कमी झाली की नळाचे किंवा विहिरीचे पाणी ओतण्याची सवय घातक ठरते. त्या पाण्यातील क्षार आत साचतात, गंज धरतो आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबतात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. त्यामुळे सांडलेले कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

हेच तापलेले कूलंट डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरमधून फिरते. तोच गाडीचा हीटर. गोव्यात त्याची गरज नाही असे वाटते, पण पावसाळ्यात तो उपयोगी पडतो. एसीच्या गारव्याने समोरच्या काचेवर बाहेरून धुके धरले, तर वायपर फिरवून एसीचे तापमान थोडे वाढवावे. धुके आतून असेल, तर एसी सुरू ठेवून उबदार हवा काचेवर सोडावी. एसी हवेतील ओलावा काढतो आणि उष्णता काच कोरडी करते. गाडीत गोडसर वास येणे, पायाखालचा गालिचा ओला होणे किंवा काचेवर चिकट थर बसणे ही हीटरमधून कूलंट गळत असल्याची लक्षणे आहेत.

युरोपातील थंड देशांत याच्या जोडीला इंधनावर चालणारा स्वतंत्र हीटरही बसवतात. तो टाकीतील थोडे पेट्रोल किंवा डिझेल जाळून इंजिन सुरू होण्यापूर्वीच कूलंट तापवतो. असा हीटर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा सुमारे १० मिनिटे चालवावा लागतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असल्याने बंद गॅरेजमध्ये तो कधीही लावत नाहीत.

घाटात काटा चढला तर

चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागल्यास आधी एसी बंद करावा. मग हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगात ठेवावा. इंजिनाची काही उष्णता त्यामुळे गाडीच्या आत येते आणि सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ मिळतो. काटा लाल खुणेला टेकला, तर मात्र लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. अशा वेळी अर्धा तास थांबणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

बदललेले जुने ऑइल गटारात किंवा ओहोळात ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. पावसाळ्यापूर्वी तिन्ही द्रवांची पातळी, रंग आणि बदलाची तारीख एकदा पाहिली, तर भर पावसात घाटात अडकून पडण्याची वेळ बहुधा येत नाही.