सणाच्या ताटांतील पाव आणि लसूण

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवळाचा, धर्मगुरूंचा आणि शाळेचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा एक इतिहास चुलीपाशींहि घडत असतो, आणि तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. नाताळांत आपल्या घरीं पाहुण्यांपुढें जो पाव येतो, त्याच्या मागें सुमारें पांचशें वर्षांची वाटचाल आहे. त्या वाटेनें वाचकांस थोडें मागें न्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. पुढें १५७९ मध्यें आज जेथें आरे वसाहतीची हद्द आहे, तिच्या जवळच कोंडिविटें येथें जेजुइट धर्मगुरूंनीं बाप्तिस्ता योहानाचें देऊळ उभारिलें. १८४० मध्यें रोगाची सांथ आली, लोक गांव सोडून मरोळास गेले, आणि तें देऊळ ओस पडलें. त्याच्या भिंती आजहि सीप्झच्या आवारांत उभ्या आहेत. त्याच देवळाच्या काळांत ह्या भागांत पावानें पाय ठेविला.

साष्टीचा शेतकरी तांदळाचा व नाचणीचा. हातावर थापलेली तांदळाची भाकर हीच त्याची रोजची रोटी. पोर्तुगीजांस मात्र गव्हाच्या पावावांचून चालेना. शिवाय मिस्साबळीसाठींहि गव्हाचीच भाकर लागते. ‘पाव’ हा शब्दच मुळीं त्यांचा. पण त्यांच्या देशीं पीठ फुगविण्यासाठीं जें आंबवण वापरीत, तें येथें मिळेना. तेव्हां भंडाऱ्यांनीं माडावरून उतरविलेली ताडी पुढें आली. ताडींत सूक्ष्म जीव असतात. ते पिठांतील साखर खाऊन वायु सोडतात आणि त्या वायूनें पीठ फुगतें. गव्हाचें पीठ, माडाची ताडी आणि मातीची भट्टी ह्यांच्या मिलाफांतून आपल्या किनाऱ्याचा पाव जन्मास आला. गोव्याच्या पदेरांनीं हीच विद्या पुढें मुंबईस आणिली.

ह्या पावाच्या इतिहासांत एक दुःखाचें पानहि आहे, आणि तें झांकून ठेवणें बरें नव्हे. पावाचा तुकडा विहिरींत टाकला आणि तें पाणी पिणारा अख्खा गांव बाटला, अशा कथा वसई-साष्टींत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. पाव खाल्ला म्हणजे मनुष्य आपल्या जातीबाहेर पडला, अशी समजूत होती. ज्यांची शेतें एका बांधाला, ज्यांची बोली एक, त्यांच्यांत एका तुकड्यानें भिंत उभी राहिली. सणाचें ताट शेजारीं पाठवावें तर तें परत यावयाचें. आपल्या वाडवडिलांनीं हा दुरावा किती वर्षें सोसला असेल!

ती भिंत कोणा एका पुढाऱ्यानें पाडली नाहीं. ती पोटाच्या भुकेनें पडली. मुंबईंत गिरण्या निघाल्या, गोंवेकर व इराणी यांच्या बेकऱ्या निघाल्या, आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारास स्वस्त व तयार अन्न म्हणून पाव हातीं आला. १९६० नंतरच्या दशकांत दादरच्या गाड्यांवर बटाटेवडा पावांत घालून विकूं लागले. जो पाव बाटविणारा मानला गेला, तोच आज साऱ्या महाराष्ट्राचा घास झाला आहे.

आतां लसणीकडे वळूं. लसूण ह्या देशांत फार प्राचीन. परंतु शिर्का, लसूण आणि मांस यांचा मेळ पोर्तुगीजांचा. त्यांच्या ‘वीन्य दाल्युश’ ह्या पदार्थाच्या नांवांत मद्य आणि लसूण हे दोनच शब्द आहेत. त्याचेंच गोव्यांत विंदालू झालें, आणि आपलें इंदयाल त्याच घराण्यांतलें. लग्नांत वा नाताळांत इंदयालाच्या जोडीस फुगे हवेतच. मैदा, अंडीं, नारळाचें दूध व ताडी एकत्र फेंटून, पीठ मुठींतून चिमटून कढत तेलांत सोडावयाचें, हें काम नाजूक आणि वेळखाऊ. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर ताडी मिळणें अवघड झालें आणि घरोघर यीस्ट आलें. पण एक गोष्ट बदलली नाहीं: पाहुणे ओसरीवर हंसतखेळत बसत, आणि घरची माउली मात्र कढईपाशीं उभीच राही.

तिच्यासाठींच येथें एक सोपा प्रकार सांगावासा वाटतो. इटलींत भाजलेल्या पावावर लसूण चोळून ऑलिव्हचें तेल सोडण्याची चाल जुनी आहे. तेथील लोक अमेरिकेस गेले, आणि तिकडे तेलाच्या जागीं लोणी आलें. लोण्याची तर आपणांस वाण नाहीं. १९४९ मध्यें आपल्याच दाराशीं सुमारें ३,१६० एकरांवर आरे दूध वसाहत स्थापन झाली. तिचे प्रवर्तक दारा खुरोडी यांस १९६३ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश गाईच्या दुधाहून अधिक, म्हणून त्याचें लोणीहि भरपूर निघतें.

कृति अशी: बेकरींतला एक लांबट पाव घ्यावा, आदल्या दिवसाचा असल्यास उत्तम, कारण तो सुरीखालीं चुरत नाहीं. शंभर ग्रॅम मऊ लोण्यांत सहा पाकळ्या लसूण ठेचून घालावी. लसूण चिरण्यापेक्षां ठेचल्यानें तिचा उग्र वास अधिक मोकळा होतो, आणि लोणी तो धरून ठेवतें. त्यांत मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर, चवीपुरतें मीठ व थोडी मिरपूड मिसळावी. पावास बोटभर अंतरावर चिरा द्याव्यात, पण बूड अखंड ठेवावें. प्रत्येक चिरेंत लोणी भरावें, पाव पातळ पत्र्याच्या कागदांत गुंडाळावा आणि मध्यम उष्णतेच्या भट्टींत पंधरा मिनिटें ठेवावा. भट्टी नसल्यास जाड तव्यावर झांकण घालून मंद आंचेवर, मधून मधून उलटीत, ठेवला तरी चालतो. आंच मोठी करूं नये. लसूण जळली कीं कडू होते. पाव आदल्या रात्रीं भरून शीतकपाटांत ठेवतां येतो, आणि मिस्सेहून परत आल्यावर नुसता तापवावयाचा राहतो. लसूण घातलेलें लोणी उरल्यास तेंहि शीतकपाटांत ठेवून दोनतीन दिवसांत संपवावें.

हा पाव फुग्यांची जागा घेणार नाहीं, आणि घेऊंहि नये. फुगे करण्याची विद्या सुनांनीं व लेकींनीं सासवांपासून व आयांपासून अवश्य शिकून घ्यावी. ती एकदां हातांतून गेली तर पुस्तकांतून परत यावयाची नाहीं. परंतु सणाच्या दिवशीं घरच्या स्त्रीनेंहि पाहुण्यांच्या पंक्तीस बसावें, एवढी सवड ह्या पावानें तिला मिळेल. आणि एक ताट शेजारीं पाठवावें. तें आतां परत यावयाचें नाहीं. रिकामें होऊन, नाहींतर त्यांच्या घरच्या फराळानें भरून येईल.