माशाचा डोळा आणि चर्चचे छत

फिशआय लेन्सने टिपलेले चर्चच्या अंतर्भागाचे छायाचित्र आता कोणाला फारसे अपरिचित राहिलेले नाही. काळ्या चौकटीत एक वर्तुळ. त्याच्या मध्यभागी घुमट किंवा कमानदार छत. कडेने खांब, खिडक्या, बाकांच्या रांगा. अशा चित्राला एक तर ‘विलक्षण’ म्हणून नावाजले जाते, नाही तर ‘विरूप’ म्हणून बाजूला सारले जाते. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी गृहीतक मात्र एकच आहे : सरळ रेषांचे चित्र वास्तवाचे आणि वक्र रेषांचे चित्र युक्तीचे. हे गृहीतक तपासू लागलो की प्रश्न केवळ तंत्राचा उरत नाही. चर्चच्या वास्तूचे केंद्र कोणते, हा युरोपीय वास्तुकलेत दीर्घकाळ चाललेला वाद या वर्तुळात पुन्हा उभा राहतो.

‘फिश-आय’ हा शब्द रॉबर्ट वूड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९०६ साली एका शोधनिबंधात वापरला. पक्षी आणि फुले यांच्या साम्यावर गमतीदार सचित्र पद्ये लिहिणारा वूड तो हाच. पाण्याखालच्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल, हा त्याचा प्रश्न होता. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे १८० अंशांचे दृश्य पाण्याखालून सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले दिसते. वूडने पाण्याने भरलेला सूचिछिद्र कॅमेरा तयार करून हे दृश्य काचेच्या पट्टीवर उतरवले. पुढे १९२०च्या दशकात केंब्रिजच्या रॉबिन हिलने संपूर्ण आकाश एका चित्रात यावे म्हणून काचेच्या भिंगांची रचना केली. प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनामुळे नंतर प्रसिद्धीस आलेला हिल तो हाच. त्याच्या भिंगाचा मुख्य विषय ढग हा होता. १९६२ साली निकॉनने ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी ८ मिलिमीटरची फिशआय लेन्स आणली. ती बसवताना कॅमेऱ्यातला आरसा वर उचलून ठेवावा लागे. हवामानशास्त्राचे हे उपकरण अशा रीतीने छायाचित्रकारांच्या हाती आले. आकाश पाहण्यासाठी घडवलेला डोळा पुढे चर्चच्या छताकडे वळला, यात एक संगती आहे. कारण चर्चचे छत हे अनेकदा आकाशाचे, स्वर्गाचे रूपक म्हणूनच बांधले व रंगवले गेले होते.

आता सरळ रेषांकडे वळू. आल्बेर्तीने १४३५ साली चित्राला खिडकीची उपमा दिली. त्या खिडकीच्या सपाट प्रतलावर जगातील सरळ रेषा सरळच राहतात, पण त्यासाठी किंमत मोजावी लागते. चित्रप्रतलाला समांतर अशी गोल खांबांची रांग या नियमाने काटेकोरपणे काढली, तर डोळ्यापासून दूरचे, कडेचे खांब जवळच्या खांबांपेक्षा रुंद येतात. हा पेच लिओनार्दोलाही जाणवला होता. नेत्रकोन वाढवत नेला तर कडांचा ताण वाढत जातो, आणि १८० अंशांचे दृश्य सपाट खिडकीत बसवायचे तर ती खिडकी अनंत मोठी असावी लागेल. नकाशाशास्त्रात हे सर्वांना मान्य आहे : पृथ्वीचा गोल कागदावर उतरवताना आकार, क्षेत्रफळ किंवा अंतर यांपैकी कशाचा तरी त्याग करावाच लागतो. छायाचित्रही असा नकाशाच आहे. साधी वाइड-अँगल लेन्स रेषा वाचवते आणि आकार ताणते. फिशआय लेन्स रेषा वाकवते, पण खांबाला कडेला अवाजवी लठ्ठ होऊ देत नाही.

शिवाय सगळ्याच रेषा वाकतात, हेही खरे नाही. चित्राच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात. कॅमेरा समोर धरला तर बाजूचे खांब पिंपाच्या फळ्यांसारखे फुगतात. पण तोच कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवून भिंग थेट वर रोखले, तर प्रत्येक उभी रेषा चाकाच्या आऱ्यासारखी सरळ केंद्राकडे धावते. वाकतात त्या आडव्या रेषा, म्हणजे कंगोरे आणि खिडक्यांचे उंबरठे. म्हणूनच चर्चमध्ये काम करणारे छायाचित्रकार कॅमेरा फरशीवर ठेवतात, तो समतल करतात, टायमर लावतात आणि खांबाआड जातात. कारण अर्धा गोल टिपणाऱ्या भिंगापुढे लपायला दुसरी जागा नसते.

कॅमेरा कोठे ठेवायचा, या प्रश्नापाशी मूळ वाद येतो. आल्बेर्तीने वास्तुकलेवरील ग्रंथात मंदिरांसाठी वर्तुळाचा गौरव केला. ब्रामान्तेने रोमच्या सेंट पीटर चर्चचा जो आराखडा केला आणि ज्याची पायाभरणी १५०६ साली झाली, तो चारही बाजूंनी सारखा, मधोमध घुमट असलेला होता. १५४७ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर मायकेलअँजेलोही केंद्रवर्ती रचनेकडे परतला. पण चर्च ही उपासनेची जागा आहे. तेथे मिरवणूक चालते, समुदाय एका दिशेने तोंड करून बसतो. कार्लो बोरोमेओने १५७७ च्या आपल्या सूचनाग्रंथात क्रूसाकृती आराखड्याचा पुरस्कार केला आणि वर्तुळाकृती रचना मूर्तिपूजकांच्या मंदिरांची म्हणून दूर ठेवली. सतराव्या शतकाच्या आरंभी मादेर्नोने सेंट पीटरला लांबट मुख्य दालन जोडले, आणि दरवाज्यापासून वेदीपर्यंतचा अक्ष घुमटाच्या केंद्रावर मात करून गेला.

घुमटाखाली ठेवलेली फिशआय लेन्स हा निकाल चित्रापुरता फिरवते. इंग्लंडमधील ईली कॅथीड्रलचा मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला. त्याच्या जागी अष्टकोनी चौक आणि त्यावर लाकडी प्रकाशमनोरा १३४२ पर्यंत उभा राहिला. तेथील वर्तुळचित्रात लांबलचक दालन कडेच्या एका कमानीएवढे उरते आणि अष्टकोन सारी जागा व्यापतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमध्ये घुमटही नाही आणि चौकही नाही. सुमारे ८८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असे ते एकसंध दालन आहे. त्याच्या मध्यावरून वर पाहिले तर पंख्यांसारखे उलगडणारे छत दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या पानासारखे दिसते, म्हणजे अक्ष नाहीसा होत नाही. पण वेदी? ती वर्तुळाच्या काठाशी, दरवाज्याच्या बरोबरीची होऊन बसते.

भिंगाचा हा पक्षपात मान्य केला तरी त्याचा प्रामाणिकपणाही पाहिला पाहिजे. रोमच्या सान्त इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने १६८५ साली सपाट कापडावर खोटा घुमट रंगवला, आणि १६९४ पर्यंत दालनाच्या छतावर स्वर्गारोहणाचे भव्य चित्र पूर्ण केले. प्रेक्षकाने कोठे उभे राहायचे, हे फरशीत बसवलेल्या चकत्या सांगतात. दालनातल्या चकतीवरून वर पाहिले की खऱ्या भिंती आणि रंगवलेले खांब एकमेकांत मिसळतात. तेथील फिशआय चित्रातही ते एकत्रच वाकतात आणि भास टिकून राहतो. पण खोट्या घुमटाची योग्य जागा दरवाज्याच्या बाजूला, थोडी मागे आहे. खऱ्या घुमटाच्या सवयीने कॅमेरा थेट त्याच्या खाली ठेवला, तर तो घुमट कलंडतो आणि कापड उघडे पडते. आपण कोठे उभे आहोत, हे या भिंगाला लपवता येत नाही.

या वादाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. जुन्या गोव्यातील सेंट केजेटन चर्च थिएटाइन संप्रदायाने सतराव्या शतकात बांधले. त्याच्या दर्शनी भागावर सेंट पीटरची छाप स्पष्ट आहे, आणि आतली रचना घुमटाभोवती ग्रीक क्रूसासारखी, म्हणजे समान भुजांची आहे. रोममध्ये मागे पडलेली केंद्रवर्ती रचना येथे मांडवीच्या काठी टिकून राहिली. घुमटाखाली चौथऱ्याने झाकलेली एक विहीरही आहे. वूडच्या माशाला याहून योग्य जागा सापडली नसती.

समीक्षेत ‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातला कोन विसरतो. फिशआय चित्र तो कोन परत देते, आणि त्याबरोबर एक सावधगिरीही शिकवते. त्या वर्तुळात जे दिसते ते उपासकाचे चर्च नव्हे. उपासक चालत येतो, गुडघे टेकतो, समोर पाहतो. दीक्षा घेणारा कॅथलिक धर्मगुरू फरशीवर पडतो तोही पालथा, उताणा नव्हे. पण समोरून घेतलेले, सरळ रेषांचे, रिकाम्या दालनाचे पुस्तकी चित्र तरी उपासकाचे कोठे असते? तेही एका जागी खिळलेल्या एका डोळ्याचेच असते; फक्त त्याची सवय झाल्याने आपण त्याला वास्तव म्हणतो. म्हणून वर्गात अशी चित्रे दाखवताना शेजारी वास्तूचा आराखडा ठेवावा, त्यावर कॅमेऱ्याची जागा दाखवायला सांगावी, आणि मग विचारावे : या चित्रात वेदी कोठे गेली?