एक पॉइंट सहा

काउंटर-स्ट्राइक हा १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' गेममध्ये हौसेने केलेला बदल. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो विकायला काढला. २००३ ला १.६ आलं, २००४ ला 'सोर्स'.

सोर्स देखणं होतं. धक्का लागला की पिंपंसुद्धा गडगडायची! पण बंदुकीचा झटका वेगळा, पळण्याची लय वेगळी. बसलेला हात पुन्हा बसवायचा... कोण बसवणार? वर्ल्ड सायबर गेम्सने २००५ ला सोर्स घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते परत १.६ वर आले.

आम्हा कळंबच्या पोरांचं कारण साधं होतं. गेम खेळायचा तर कर्जत गाठायचं, आणि कॅफेतल्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर १.६ च चालायचं, तेही लॅनवर, इंटरनेटशिवाय. एकट्याने सोर्स शिकून करणार काय? समोर पाच जण हवेत, बाजूला चार. आवृत्ती बदलणं म्हणजे टोळी सोडणं.

२०१२ च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'ने हळूहळू दोन्ही गट एकत्र आणले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्याच जागी 'काउंटर-स्ट्राइक २' आलं. यावेळी कुणी विचारलंच नाही.

१.६ अजून चालतं, कारण त्याचा सर्व्हर आपला आपण लावता येतो. गेम कंपनी काढते, पण टिकवतात ते खेळणारे. मंडळी, तुमची टोळी कुठल्या आवृत्तीवर थांबली?