आंतरराष्ट्रीय शाळांचा कारभार चालतो कसा?

वातानुकूलित वर्ग, पोहण्याचा तलाव आणि परदेशी अभ्यासक्रम एवढ्यावरच आंतरराष्ट्रीय शाळेची पारख करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. वास्तविक पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असला म्हणजे शाळेला आंतरराष्ट्रीय मंडळाची मान्यता असतेच, असे नव्हे. ती असली, तरी पाल्याचे हित अखेर शाळेच्या नेतृत्वावर आणि दैनंदिन व्यवस्थापनावरच अवलंबून असते.

या शाळांची परंपरा जुनी आहे. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. त्याच शहरात १९६८ मध्ये ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ अर्थात आयबी ही संस्था स्थापन झाली. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने १९७६ मध्ये आयबीचा अभ्यासक्रम स्वीकारला. पुण्याजवळील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्ये सुरू झाले.

जबाबदारीची विभागणी

अशा शाळेचा कारभार सर्वसाधारणपणे तीन स्तरांवर चालतो. विश्वस्त किंवा संचालक मंडळ धोरण ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि शाळाप्रमुखाची नेमणूक करते. शाळाप्रमुख शैक्षणिक नेतृत्व करतो. त्याच्या हाताखाली प्राथमिक, माध्यमिक आणि डिप्लोमा या प्रत्येक आयबी कार्यक्रमासाठी स्वतंत्र समन्वयक असतो. शालेय बस, उपाहारगृह, इमारतीची देखभाल, शुल्कवसुली, परदेशी शिक्षकांचे व्हिसा ही कामे प्रशासकीय विभागाकडे असतात. मंडळाने वर्गातील कामात रोज ढवळाढवळ केली किंवा शाळाप्रमुख बसच्या वेळापत्रकातच अडकून पडला, की अध्यापनाकडे दुर्लक्ष होते.

परदेशी शिक्षक बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर येतात. त्यामुळे शिक्षक बदलला तरी अभ्यासाची घडी विस्कटू नये, यासाठी पाठनियोजन आणि मूल्यमापनाच्या लेखी नोंदी ठेवणे अगत्याचे ठरते. आयबीची मान्यताही एकदा मिळाली की विषय संपला, असे होत नाही. दर पाच वर्षांनी शाळेचे मूल्यमापन होते.

परीक्षेची कसोटी

डिप्लोमाचे एकूण गुण ४५ असतात. सहा विषयांना प्रत्येकी कमाल सात आणि उर्वरित तीन गुण दीर्घ निबंध व ज्ञानमीमांसा यांसाठी. लेखी परीक्षा मे आणि नोव्हेंबर अशा दोन सत्रांत होते. जगभर एकाच क्षणी परीक्षा घेणे शक्य नसल्याने देशांची विभागणी वेळेच्या विभागांत केलेली असते. मे २०२४ मध्ये एका विभागात परीक्षा दिलेल्या काही विद्यार्थ्यांनी गणिताच्या प्रश्नांची माहिती इंटरनेटवरून अन्यत्र पोहोचविल्याचे उघड झाले. प्रश्नपत्रिकांची पाकिटे कुलूपबंद ठेवणे आणि पर्यवेक्षण चोख करणे ही कामे वरकरणी कारकुनी वाटतात. परंतु त्यात कुचराई झाली, तर विद्यार्थ्यांच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर संशयाचे सावट येते.

भरतीतील दक्षता

याहून गंभीर प्रश्न शिक्षकभरतीचा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बाललैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला एक शिक्षक पुढे सुमारे चार दशके विविध देशांतील आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवत राहिला. त्याची कृत्ये २०१४ मध्ये उघडकीस आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शाळांशी संबंधित संघटनांनी एकत्र येऊन बालसंरक्षणासाठी कृतिगट स्थापन केला. प्रशस्तिपत्रावर विसंबून न राहता आधीच्या शाळांकडे थेट विचारणा करणे, तसेच उमेदवाराने जिथे जिथे वास्तव्य केले तेथील पोलिसांकडून पडताळणी करून घेणे हे खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे. तथापि त्यात तडजोडीला वाव नाही.

पालकांनी काय विचारावे?

महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने खासगी शाळांच्या शुल्कनिश्चितीत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिले आहे. प्रवेशापूर्वी ही समिती अस्तित्वात आहे का, याची चौकशी करावी. शाळेला नेमक्या कोणत्या कार्यक्रमाची मान्यता आहे, मागील मूल्यमापन केव्हा झाले, गेल्या काही वर्षांत किती शाळाप्रमुख बदलले, शिक्षकांची पडताळणी कोण करते आणि तक्रार कोणाकडे नोंदवायची, हेही विचारावे. या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळाली, तर कारभार जागेवर आहे असे समजण्यास हरकत नाही. उत्तरादाखल केवळ रंगीत माहितीपत्रक हाती पडले, तर मात्र निर्णय लांबणीवर टाकलेला बरा.