कुंडीतील गड्ड्याची बडीशेप
इटलीत फिनोक्यो म्हणून आवडीने खाल्ली जाणारी ही बडीशेप बियांपेक्षा बुंध्याशी फुगणाऱ्या पांढऱ्या गड्ड्यासाठी लावतात. हा खरा कंद नव्हे. एकमेकांना घट्ट बिलगलेले पानांचे मांसल देठच ते.

घरात ती वाढते, मात्र सोटमूळ दुखावलेले तिला खपत नाही. म्हणून किमान २५ सेंमी. खोल कुंडीत बी थेट पेरावे आणि रोपांत वीतभर अंतर ठेवावे. उन्हाची खिडकी नसेल तर एलईडी दिवा लागतोच.

खरी कसोटी पाण्याची. माती वारंवार वाळली, उकाडा वाढला किंवा दिवस लांबला, की गड्डा भरण्याआधीच फुलांचा दांडा वर येतो आणि सगळे चिवट होऊन बसते. गड्डा लिंबाएवढा झाल्यावर भोवती माती चढवली, तर तो पांढरा नि कोवळा राहतो.

सुमारे तीन महिन्यांनी तो मातीलगत कापावा. उरलेल्या खुंटातून फुटणारे धुमारेही सॅलडमध्ये चविष्ट लागतात.